छेरछेऱ्याच्या दिवशीची पाहणी

२ जाने., शुक्र.
दूषित जागांच्या सफाईचे नियम नव्याने लिहिणं चालू. डावीकडे जुना नियम, उजवीकडे नवा. बदल नसेल तिथे 'यथावत'. आज किती यथावत लिहिले, मोजायचं सोडलं. नवा रायपूरहून परतताना बसमध्ये कंडक्टर, मी नि रिकाम्या सीटा. ऑफिस सुटल्यापासून तोंड उघडलं ते फक्त तिकिटासाठी.

३ जाने., शनि.
छेरछेरा, इथला पौष पौर्णिमेचा सण. चौबे कॉलनीत पोरं दारोदार धान मागत फिरली. धान कुठून आणू, तांदूळ दिले. एक पोट्टी खिडक्यांकडे बघत म्हणाली, "यहाँ तो कोई नहीं रहता ना?" म्हटलं, "मैं रहती हूँ." हसून गेली.

दुपारी एकदम आठवलं. जुनी रोजनिशी काढली. आमच्या यादीतल्या गुढियारीपलीकडच्या एका जागेची पाहणी मी मागे केली, ती पौष पौर्णिमेलाच. बॅटऱ्या फोडून शिसं काढायची बंद भट्टी, आजूबाजूच्या घरांना कुलपं. मी लिहिलं, 'वस्ती नाही.' अगं बाई, लोक छेरछेऱ्याला गावी गेले असणार!

५ जाने.
अर्धी रजा टाकून तिथे गेले. पूर्ण पारा, म्हणजे मोहल्ला, नांदतो आहे. माती काळी, बोरिंग एकच. देवकीबाई नावाच्या म्हातारीने आधी लोटा पुढे केला. इथे पाहुण्याला पाणी दिल्याशिवाय नाव विचारत नाहीत.
"बइठ न दीदी, पानी पी ले."
"उपास है."
जन्मात उपास केला नाही मी.
"उपास म पानी तो चलथे."
मग सांगितलंच, पाण्यात शिसं असेल, पिऊ नका.
"त काला पीबो?"
मग प्यायचं काय, विचारते ती. माझा नंबर दिला. मूर्खपणा.

७ जाने.
साहेबांना सांगितलं. नव्या नियमात वस्ती असेल तर माती उचलायची, नळ द्यायचा. नसेल तर कुंपण नि पाटी, विषय संपला. पारा दुसऱ्या यादीत, माझ्या त्या एका ओळीमुळे.
सा. म्हणाले, "सर्वे पर साइन तो आप ही के हैं, मैडम. रिटायरमेंट सामने है, इन्क्वायरी में फँसेंगी. यथावत रहने दीजिए. जनता आपत्ति करेगी तो देखेंगे."
ठीक आहे म्हणून उठले. लाज वाटली. भीती त्याहून जास्त.

११ जाने., रवि.
दादाचा नागपूरहून फोन. "काहून आवाज बसला तुझा? रडून राहिली का?" म्हटलं सर्दी आहे. "काढा घे, अन् इकडे ये." सांगायचं ओठांवर आलं होतं, पण तोवर वहिनीने त्याला जेवायला बोलावलं. फोन ठेवून मात्र रडले. मनसोक्त.

६ फेब्रु.
मसुदा राजपत्रात आला. आपत्तीला, म्हणजे हरकत घ्यायला, मुदत आहे. पाऱ्यात राजपत्र वाचणार कोण?

९ फेब्रु.
आपत्ती मीच लिहिली. घरचा पत्ता, पुढे 'नागरिक'. 'पाहणी चुकीच्या दिवशी झाली. ती मी केली होती.' एवढं लिहायला चार कागद फाडले. पोस्टात रजिस्ट्री केली. क्लार्कने पावती देताना नाव मोठ्याने वाचलं, कान लाल झाले.

१३ फेब्रु.
टपाल आलं. आपत्त्यांना उत्तरं द्यायचं काम माझंच! टायपिस्टने तक्ता करून टेबलावर ठेवला: डावीकडे माझं नाव, माझी चूक, उजवीकडे 'विभाग का उत्तर', कोरं. आज चहाही त्याने स्वतः आणून दिला.

कोऱ्या रकान्यात लिहिलं, 'आपत्ति स्वीकार.' सही केली, फाइल आत पाठवली. सा. नी वाचली, माझ्याकडे पाहिलं, गठ्ठ्याच्या तळाशी सारली.

१७ फेब्रु.
फाइल तिथेच. सा. आता नमस्कारही घेत नाहीत.

संध्याकाळी बसमध्ये फोन वाजला. देवकीबाई. पाण्याबद्दल काही विचारलं नाही.
"उपास टूटिस का, दीदी?"
"अभी नहीं."
"हव," म्हणाली. फोन मात्र ठेवला नाही तिने. मीही नाही.