कळशीवरचं नाव

॥ श्री ॥

जगलबेट, तालुका सुपा
कार्तिक शुद्ध पंचमी, १९५८

तीर्थस्वरूप दादाला धाकट्या अनुसयेचा वाकून नमस्कार. आम्ही इथे बरे आहोत. भात कापून खळ्यात आलं, गाय व्याली, कालवड झाली. तुझी पाठ कशी आहे? वहिनीचा खोकला थांबला का? भाऊबीजेला दुकानात गिऱ्हाईक फार म्हणून तू आला नाहीस, तेव्हा मी आकाशातल्या चंद्राला ओवाळलं. (तो ओवाळणी घालत नाही, पण दुकानाची सबबही सांगत नाही.)

तुझं पत्र पोचलं. पुंडलिकराव आता नोकरीतून मोकळे झाले, त्या रानात दोघंच कशाला राहता, तो कातकामाचा लेथ विकून टाका, तुळशीच्या लग्नाला मी लॉरी घेऊन येतो आणि तुम्हाला बेळगावला आणतो, आमच्या भांड्यांच्या दुकानात ते गल्ल्यावर बसतील, असं तू लिहिलंस. मला तर वाचतानाच नळाच्या पाण्याचा आवाज ऐकू आला. पण ह्यांनी पत्र दोनदा वाचायला लावलं, चष्मा पुसला आणि बोली घातली. दादाच्या देखत इंजिन चाललं तर आपण इथून हलायचं नाही; नाही चाललं तर लेथ विकायचा आणि मुकाट्याने दुकानात बसायचं. आता ते कुठलं इंजिन, हे तुला सांगायलाच हवं, कारण त्यात तूही आहेस.

ह्यांचा जन्म कॅसलरॉकच्या रेल्वे शेडमध्ये मोठमोठ्या इंजिनांच्या पोटाखाली गेला. नोकरी सुटल्यावर माणसाला देवदेव सुचतो. ह्यांना सुचलं, की इतकी वर्षं दुसऱ्यांची इंजिनं दुरुस्त केली, आता एक आपलं करू. पाटावर मावेल एवढं, पण खऱ्या वाफेवर चालणारं. झालं! गोठ्यात एका बाजूला गाय आणि एका बाजूला लेथ. हौसेला मोल नाही म्हणतात ते खरं, पण ती हौस माझ्या भांड्यांच्या फळीवरून गेली. माझ्या लग्नात तू दिलेली तांब्याची कळशी आठवते ना? तिच्यावर टिंबाटिंबांनी 'भिकाजीकडून भेट' असं ठसठशीत कोरून घेतलं होतंस. (एवढं ठसठशीत, की विहिरीवर बायका पाण्याआधी तुझं नाव वाचत.) तिचा गळा कापून ह्यांनी बॉयलर केला आणि आडवा बसवला, तेव्हा तुझं नाव नेमकं समोर आलं. तेव्हापासून साऱ्या वाडीत इंजिनाचं नाव भिकाजी. शेजारचा लखू रोज कुंपणावरून विचारतो, "अक्का, भिकाजी कसा हाय? पोट गळायचं थांबलं न्हवं?" मी म्हणते, "न्हाई बाबा, अजून गळतोय." सुप्याचा एक पाहुणा हे ऐकून कळवळला आणि तुझ्या पोटासाठी काढ्याची पुडी ठेवून गेला. ती सोबत पाठवते. वाया कशाला घालवायची?

पहिल्यांदा बॉयलरच्या झाकणाला ह्यांनी कल्हईवाल्याकडच्या कथलाचा डाग दिला. कल्हईवाला म्हणाला होता की हे आगीवर टिकायचं न्हाई. पण चाळीस पावसाळे शेडमध्ये काढलेला माणूस कल्हईवाल्याचं कशाला ऐकतो? जाळ वाढला, कथील विरघळलं आणि झाकण उडून लखूच्या खुराड्यात पडलं. कोंबड्यांनी अंडी घालणं सोडलं. मग पितळेचा पक्का डाग झाला, आणि लखूच्या बायकोला आमच्याकडून तूप गेलं.

त्यानंतर माझा पितळी खलबत्ता. खलाला भोक पाडून सिलिंडर झाला, बत्ता कातून त्याच्या आत मागेपुढे सरकणारा दट्ट्या झाला. तेव्हापासून वेलदोडा मी पोळपाटावर लाटण्याने कुटते. मग शिलाईच्या मशीनचं चाक गेलं. आता मशीनकडची नुसती तेलाची कुपी उरली आहे, आणि मी पोलकी हाताने शिवते. लेथ पायाने चालवायचा. ह्यांनी हत्यार धरायचं आणि पाय मी मारायचा. सबंध पावसाळा मी त्या लेथावर एवढे पाय मारले, की तेवढ्यात बेळगावला चालत येऊन परत गेले असते. भातात पितळेचा कीस, अंबाड्यात पितळेचा कीस. विहिरीवर वाडीतली केशरकाकू म्हणाली, "अनुसया, सोनं घातलंस की काय गं डोक्यात?"

एका गोष्टीत मात्र मी हटले नाही. दट्ट्या सरसर सरकायला त्याच्याभोवती सूत गुंडाळून ह्यांना चरबी लावायची होती, शेडमध्ये लावतात तशी. दारात तुळस, आणि घरात चरबी? मी म्हटलं, कोकमतेल घ्या, टाचांच्या भेगांना लावतो ते. ह्यांनी कुरकुर केली, पण भरपूर चोपडलं.

आणि भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी सकाळी, अजून धुकं होतं आणि बोटं गारठली होती, तेव्हा सगळी वाडी गोठ्यात जमली. निखारे घातले. वाफ धरली. शिटी वाजली तेव्हा पोरं ओरडली. ह्यांनी नळी उघडली, चाकाने अर्धा फेरा घेतला आणि अडलं. हाताने फिरवलं तरी हलेना. लखू म्हणाला, "पुंडलिकबाबा, मागनं जरा ढकलू काय?" लोक हसले. हे हसले नाहीत. निखारे काढले, पाणी सोडलं, आणि माणसं गेल्यावर मला म्हणाले, "भोक वाकडं पडलंय गं. माझी नजर गेली." एवढंच. इंजिनावर माझं जुनं लुगडं टाकलं. जेवताना आमटीला नावंही ठेवली नाहीत, तेव्हा मला फार वाईट वाटलं. मग हात धुऊन म्हणाले, "लिही दादाला. येतो म्हणावं."

म्हणून लिहिते. लॉरी घेऊन ये. लेथ जगलबेटचा गिरणीवाला परशू घेतो म्हणतो. मला काय, नळ मिळेल, विजेचा दिवा मिळेल, सुखाने राहीन. वहिनीला नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझी
अनुसया

ता. क. वरचं सगळं ह्यांना वाचून दाखवलं. त्यांनी मान हलवली आणि परशूच्या गिरणीकडे गेले. आता खरं लिहिते.

काल हे बाजारात गेले असताना मी टाचांना लावायला कोकमतेलाचं मडकं काढलं. तेल थंडीने दगडासारखं घट्ट. चुलीजवळ धरलं तेव्हा कुठे बोट शिरलं. आणि माझ्या डोक्यात उजेड पडला, की त्या गार सकाळी खलात दट्ट्याही असाच थिजून बसला असणार. तशीच गोठ्यात गेले, खलावर कढत पाणी ओतलं, सूत बदललं, दट्ट्या चिंध्यांनी पुसला आणि मशीनच्या कुपीतलं तेल घातलं. मग निखारे. दादा, चाललं रे! चाक असं भिरभिरलं की गाय उठून उभी राहिली. मी एकटीने टाळ्या वाजवल्या आणि रडलेसुद्धा. भोक अगदी सरळ आहे. ह्यांच्या नजरेला काही झालेलं नाही.

मग त्यांना का सांगितलं नाहीस, म्हणशील. माझ्या तोंडून ऐकून त्यांचं मन भरायचं नाही. त्यांच्या हाताने आणि तुझ्या देखत चालायला हवं, बोली तशीच होती. तेव्हा लॉरी आणू नकोस, मोटारीने ये. हे म्हणतील, जाऊ दे, मोडकं आहे. तू उंबऱ्यातच अडून बस. माझ्या नावाचं इंजिन चाललेलं पाहिल्याशिवाय घरातलं पाणी घेणार नाही म्हण. कोकमतेलाचं मडकं मी भाताच्या कणगीत लपवलं आहे.

आणखी ता. क. परशूला मी आधीच निरोप धाडला आहे, की लेथ माझ्या दादाने घेतला. तेव्हा तो तू घेतला आहेस, हे विसरू नकोस. तो इथेच ठेवायचा आहे.

शेवटचं. नळ तुझा तुलाच लखलाभ. माझी भाऊबीज मात्र राहिली आहे. येताना दुकानातली तांब्याची कळशी आण, आधीच्यापेक्षा मोठी. दुसऱ्या इंजिनाचं मी ह्यांना अजून सांगितलेलं नाही. आणि पाय मी मारते, तेव्हा या वेळी कळशीवर नाव माझं घाल.