सोळाव्या हिरवळीवरचा दंड

१२ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

चिमीनं फोनवर निकाल सांगितला असेलच, पण तो कसा लागला हे सांगितलं नसेल, म्हणून लिहितो. गोल्फच्या स्पर्धेत तुझी लेक दुसरी आली. एका फटक्यानं. आणि तो एक फटका मी दिलेल्या दंडाचा होता.

नात्यातल्या खेळाडूचा पंच मी कधीच होत नाही. आजही सुरुवातीला उभा राहून नावं पुकारत होतो. पण चिमीच्या गटाचे पंच डॉक्टर, त्यांचा पाय मुरगळला आणि आयत्या वेळी मला धाडलं. सोळाव्या हिरवळीवर, म्हणजे भोकाभोवतीच्या बारीक कापलेल्या गवतावर, ती नेम धरत असताना तिच्या काठीचा चेंडूला चुकून धक्का लागला. चेंडू बोटभर हलला. मी एक फटका दंड सांगितला आणि चेंडू जागेवर ठेवायला लावला. तिनं काहीतरी बोलायला तोंड उघडलं होतं, पण मी हात वर करून खेळ पुढे न्यायला सांगितलं. त्यानंतर ती सुरेख खेळली. पण जिंकल्या एक दंतवैद्य बाई. या स्पर्धेतून संघात एकच जागा होती, तिथंही आता त्याच जातील.

सगळे म्हणाले, मामा असावा तर असा. खोटं कशाला सांगू, ऐकून बरं वाटलं. तू रागावणार हे ठाऊक आहे. राग निवला की दोन ओळी टाक.

तुझा,
बाळ


१७ मार्च

चि. बाळ यास,
अ. उ. आ.

राग निवायची वाट पाहिली असती, तर हे पत्र तुला पुढच्या वर्षी मिळालं असतं.

सहा वर्षं चिमी पहाटे सराव करते आणि मग औषधांच्या दुकानात आठ तास उभी राहते. तिच्या हातात काठी दिलीस ती तूच. तुझ्या या गोल्फनं घराचं काय काय नेलं, ते आम्ही हसण्यावारी नेलं. पंचविसाव्या वर्षी पाणीपुरवठा खात्यानं तुला त्या मैदानाच्या गटारांचा नकाशा काढायला पाठवलं. नकाशा आला, तू काही परत आला नाहीस. माझ्या लग्नाला पोचलास ते पंगती उठल्यावर, बुटांना चिखल आणि खिशात मोजपट्टी. बाबांच्या आजारपणातही तुझा रविवार तेवढा आमचा नव्हता. एकेचाळीस वर्षं बिनपगारी, फुल अधिकारी! पण लोकांच्या शाबासकीवर तू खूश आहेस, ते मात्र मला हसण्यावारी नेता येत नाही. नियम असेल तर असो. बरं वाटलं म्हणून मला लिहायची काय गरज होती?

ती तुला एका शब्दानं दोष देत नाही. मामाचा निर्णय होता, संपलं, एवढंच म्हणते.

गुडघ्यासाठी तेल पाठवलंय. ते रागाच्या आधीच बांधून ठेवलं होतं.

तुझी,
ताई


२३ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तेल मिळालं. आता ऐक, तू लिहिलंस त्याहून वाईट आहे.

पंचाला प्रत्येक निर्णयाचा अहवाल भरावा लागतो. त्यात नियमाचा क्रमांक लिहायचा रकाना असतो. गुरुवारी भरायला बसलो आणि पेन तिथंच थांबलं. हिरवळीवर चेंडू चुकून हलला, तर दंड नाहीच. उचलून जागेवर ठेवायचा, बस्स. पूर्वी दंड होता. नियम बदलला त्याला कितीतरी वर्षं झाली, आणि तो बदल इथल्या प्रत्येक नव्या स्वयंसेवकाला मीच शिकवला आहे.

म्हणजे मी विसरलो नव्हतो. मी नियमाचा विचारच केला नाही. खेळणारी माझी भाची, आणि कडेला मामा काय करतो हे बघत उभी असलेली माणसं. मी त्यांच्याकडे बघून निर्णय दिला.

स्पर्धेच्या कार्यवाह बाई म्हणाल्या की कुणाच्या लक्षात आलेलं नाही, स्पर्धा संपल्यावर निकाल बदलत नाही, मग इतक्या वर्षांच्या कामावर पाणी कशाला फिरवता. निकाल बदलत नाही हे खरं. तरी चूक पंचाची होती, खेळाडूची नाही, असं माझ्या सहीनं फलकावर लावून आलो. पंचाचा बिल्ला परत केला. चिमीलाही लिहिलं आहे. तिनं उत्तर द्यावं असा माझा हट्ट नाही.

लोभ कमी झाला असेल तर तसंच कळव. अंदाज करत बसण्यापेक्षा ते बरं.

तुझा,
बाळ


३० मार्च

ती. मामास,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र आल्यावर आई दोन दिवस भांडी आपटत होती. घरात इतका आवाज, की शेजारच्या काकू चौकशीला आल्या. तिसऱ्या दिवशी म्हणाली की गाढव तर आहेच, पण स्वतःहून सांगितलं हेही खरं.

मामा, मला तेव्हाच ठाऊक होतं. तूच शिकवलेला नियम. दुसऱ्या पंचांचं मत घ्या, असंही म्हणता आलं असतं. पण तू हात वर केलास आणि मी गप्प बसले. घरी येताना मनाशी म्हटलं, मामाची इभ्रत राखली मी. छे! मी घाबरले होते. मामा-भाचीचं संगनमत आहे असं कुणी म्हणेल, याला घाबरले. आपण दोघंही त्याच माणसांकडे बघत होतो.

राग अजून आहे. गोळ्या मोजता मोजता तो चेंडू डोळ्यांपुढे येतो. जाईल, पण लगेच नाही. तू मात्र घरी बसू नकोस. मामीचा फोन होता. रविवारी तू स्वयंपाकघरातले डबे उंचीनुसार लावतोस म्हणे. तिच्यावर दया कर.

तुझीच,
चिमी


१६ नोव्हेंबर

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

चिमी पाचवी आली, हे तुला कळलं असेल. मी दुसरंच सांगणार आहे.

हल्ली माझ्या हातात वाळूची बादली असते. काठीच्या फटक्यानं गवताचे लचके उडतात, ते खड्डे बुजवत खेळाडूंच्या मागून फिरायचं. तिथूनच पाहिलं. नवव्या भोकाच्या अलीकडे चिमीचा चेंडू दुरुस्तीसाठी आखलेल्या जागेच्या काठाला थांबला. चेंडू रेषेला टेकला असेल तर उचलून बाजूला ठेवता येतो. पंच बाई नवीन; कॉलेजात शिकवतात. टेकलेला नाही, म्हणाल्या. चिमीनं मान हलवली, काठी काढली आणि थांबली. मागचा गट खोळंबला होता, कडेला माणसं होती. मी बादली खाली ठेवली.

तिनं शांतपणे विचारलं, दुसऱ्या पंचांना बोलावता येईल का. मुख्य पंच आले, गुडघे टेकून बसले, दोरी लावून पाहिलं आणि पहिला निर्णयच बरोबर ठरवला. चिमीनं पंच बाईंचे आभार मानले, चेंडू होता तिथूनच मारला, आणि वाईट मारला. दोन फटके गेले.

दुपारी जेवायला ती माझ्या शेजारी येऊन बसली. मार्चनंतर पहिल्यांदाच. म्हणाली, हरले. मी म्हटलं, विचारलंस ते पाहिलं. मग तिनं माझ्या डब्यातलं लोणचं न विचारता उचललं, आणि आम्ही जेवलो.

ताई, इतक्या वर्षांत तू एकदाही इथं आली नाहीस; मीही कधी बोलावलं नाही. पुढची स्पर्धा जानेवारीत आहे. सावलीतली खुर्ची तुझ्यासाठी धरून ठेवतो. लोभ आहे तेवढा पुरे आहे. वाढलाच तर नाही म्हणणार नाही.

तुझा,
बाळ