म्हशीच्या जागी कबुतरं

ती. ताईंना वहिनीचा सप्रेम नमस्कार.

तुमचा गुडघा कसा आहे? मागच्या फोनवर तुम्ही ‘बरा आहे’ म्हणालात खरं, पण ते म्हणता म्हणता खुर्चीतून उठलात आणि मध्येच एक ‘आई गं’ ऐकू आलं. तेव्हा खरं काय ते कळवा. इकडे आम्ही सगळे ठीक. तुमचे बंधुराज वजन कमी करताहेत, म्हणजे तसं सांगताहेत. बाबांची प्रकृती उत्तम आहे, पण मधले काही दिवस ती तशी नव्हती आणि त्याला कारण मी. हाताने लिहिलेलं पत्र बघून दचकू नका. (नोटरीच्या ऑफिसात दिवसभर टाइप करून माझं अक्षर असं झालंय, लागेल तेवढं लावून घ्या.) मी संगणकावर काही लिहावं की नाही, याबद्दल घरात सध्या दोन मतं आहेत.

फोनवर तुम्हाला ‘बाबांची फाइल उडाली’ एवढंच सांगितलं होतं. ती उडाली नाही ताई, मी तिच्यावर बसले. झालं असं. आमच्या इमारतीच्या गच्चीवर कोणीतरी कबुतरांना दाणे टाकतं आणि त्याचे परिणाम सगळ्यांच्या वाळत घातलेल्या कपड्यांवर होतात. सेक्रेटरी जिन्यात गाठून म्हणाले, एक नोटीस करून द्या, तुमचा हात चालतो. मी घरी येऊन संगणक उघडला, तर बाबांची आठवणींची फाइल समोरच उघडी. नोकरीभर गुरांचा दवाखाना चालवलेला माणूस निवृत्तीनंतर एका बोटाने ते सगळं लिहून काढत होता, आणि चष्मा असूनही अक्षर केवढं, तर भिंतीवर लावायच्या नोटिशीएवढं. मला नेमकं तेवढंच हवं होतं. म्हटलं, हाच साचा घ्यावा, वर आपला मजकूर टाकावा आणि वेगळ्या नावाने ठेवून द्यावा. ऑफिसात आम्ही असंच करतो. एकाच्या प्रतिज्ञापत्राच्या पोटातून दुसऱ्याचं काढतो. मी सगळा मजकूर निवडला, त्यावर कबुतरं टाइप केली, आणि वेगळं नाव देणार एवढ्यात बेल वाजली. दारात सेक्रेटरी. बोटांनी सवयीने ‘सेव्ह’ केलं, कागद काढला, संगणक बंद केला. नोटीस फार छान दिसत होती. सेक्रेटरींनी तसं बोलूनही दाखवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाबा नेहमीसारखे आंघोळ करून, केस विंचरून लिहायला बसले. (ऑफिसला जाणाऱ्या माणसापेक्षा ते जास्त नीटनेटके बसतात.) बराच वेळ बोटाचा आवाज आला नाही. मग त्यांनी मला हाक मारली. स्क्रीनवर ‘सर्व रहिवाशांना कळविण्यात येते की’ असं सुरू होऊन दाण्यांपाशी संपणारी माझी नोटीस होती, आणि खाली कोरं पान. बाबा ती पुन्हा पुन्हा वाचत होते. हळूच म्हणाले, “सूनबाई, मी हे कधी लिहिलं गं? मला आठवत नाही.”

ताई, ते रागावले असते तर मी निभावून नेलं असतं. पण त्यांना वाटलं होतं की आपलंच काहीतरी चुकायला लागलं. मी तिथेच खाली बसले आणि सगळं सांगितलं. ते ‘बरं’ म्हणाले, चष्मा काढून घडी करून ठेवला आणि गॅलरीत जाऊन पेपर वाचायला लागले. पेपर आदल्या दिवशीचा होता.

मग आमच्या घरात शोधकार्य सुरू झालं. आधी मी ‘मागे घ्या’ची कळ दाबत राहिले, पण एकदा फाइल बंद झाली की ती कळ नुसती ऐकून घेते, मागे काही घेत नाही. मग कळलं की जुन्या प्रती आपोआप राखून ठेवायची एक सोय असते. ती तुमच्या बंधुराजांनी ‘संगणक हळू चालतो’ म्हणून बंद करून टाकली होती. (त्या दिवसापासून तो अधिकच हळू चालतो, हे मी त्यांना तेव्हाच सांगितलं होतं.) मग संगणकाच्या पोटात एक तात्पुरती फाइल सापडली. आम्ही श्वास रोखून ती उघडली. पानंच्या पानं चौकोन आणि प्रश्नचिन्हं, आणि त्या सगळ्याच्या मधोमध एकच धडधाकट वाक्य: ‘म्हैस शांत होती.’ बाबांनी ते वाचलं आणि म्हणाले, “ती नव्हती शांत. ते चुकीचं लिहिलंय.” आणि परत गॅलरीत गेले.

शेवटी संगणक दुरुस्तीवाल्याला बोलावलं. आल्या आल्या त्याने कोणी कशालाही हात लावू नका म्हणून बजावलं, कारण नवीन काही लिहिलं की खालचं जुनं आणखी पुसलं जातं. बाबांना हा माणूस आवडला. आपल्या दवाखान्यात बसल्यासारखे ते त्याच्याशेजारी बसले आणि त्रास कधीपासून, याआधी असं झालं होतं का, घरगुती उपाय काय काय केले, असं सगळं विचारून घेतलं. बिचारा शेवटी बाबांनाच ‘डॉक्टर, तुम्हाला काय वाटतं’ म्हणायला लागला. त्याचा शोधक प्रोग्रॅम दिवसभर चालला. जे वर आलं ते असं: कबुतरांची नोटीस, तिच्या आणखी दोन प्रती, आणि तुमच्या बंधुराजांनी लग्नाच्या आधी केलेलं व्यायामाचं वेळापत्रक, ज्यात पहाटेचं धावणं आहे. ते कोणाचंच हरवलेलं नव्हतं. बाबांनी त्या माणसाचा खांदा थोपटला आणि म्हणाले, “तुम्ही केलंत हो. कधी कधी उशीर झालेला असतो.”

त्यानंतर ते संगणकाच्या खोलीत जाईनात. मला ते बघवेना. एका संध्याकाळी ऑफिसातून आल्यावर मी चहा घेऊन गॅलरीत गेले आणि म्हटलं, “बाबा, तुम्ही सांगा, मी टाइप करते.”

“दिवसभर तेच करतेस की.”

“तिथे लोक खोटं सांगतात, मी टाइप करते. मलाही जरा बदल होईल.”

ते आले. मी बसले कळांपाशी, ते खुर्ची ओढून शेजारी. घसा साफ करून सुरुवात झाली: पशू म्हैस, रंग काळा, वय अंदाजे नऊ. मी विचारलं, बाबा, रंग लिहायलाच हवा का? म्हणाले, नोंद आहे. मग रेडकू आडवं आलेलं, मालक घाबरलेला, आणि ‘एका सहायकाच्या मदतीने’ सुटका केली. माझी बोटं थांबली, कारण हा सहायक मी आधीच्या फाइलीतही वाचला होता. प्रत्येक आठवणीत एक सहायक होता. कंदील धरणारा, गरम पाणी आणणारा, मालकाच्या बायकोला धीर देणारा.

“बाबा, हा सहायक कोण?”

“कुठला?”

“हाच. म्हशीची शेपटी धरणारा.”

बाबा बोटांची नखं बघत राहिले. मग म्हणाले, “तुझी सासू.”

ताई, दोघं कोणाच्या तरी लग्नाला निघाली होती. वाटेत तो मालक आडवा आला. दुसरं कोणी हाताशी नव्हतं, म्हणून आईंनी ठेवणीतल्या कपड्यांत गोठ्यात उभं राहून शेपटी धरली, आणि रेडकू उभं राहिलं तेव्हा बाबांना म्हणाल्या, आता लग्नात मला कोणी मिठी मारणार नाही, तुम्हीच मारा. बाबांनी हे सांगितलं आणि स्वतःच हसले. आई गेल्यापासून मी त्यांना तसं हसताना बघितलं नव्हतं, आणि आईंचा विषयही त्यांनी आपणहून कधी काढला नव्हता. मला पुढचं अक्षर दिसेना. ते म्हणाले, “वाक्य पुरं कर. आणि सहायक खोड.”

आता रोज चहानंतर आमची बैठक असते. तुमचे बंधुराज आधी चार्जर शोधायला म्हणून दारात उभे राहायचे, आता सरळ स्टूल घेऊन येतात. काल तर घरातल्या न्हाणीघरात ठेवलेल्या आजारी वासराची गोष्ट त्यांनीच अर्धी सांगितली आणि बाबा त्यांना ‘चूक, चूक’ म्हणत राहिले. तुमच्या तान्हेपणी तुमच्या दुपट्यात गुंडाळून ठेवलेलं करडूही येऊन गेलं. त्याला थंडी वाजत होती म्हणून आईंनी तुमचं दुपटं काढलं, आणि मग तुम्हाला थंडी वाजायला लागली म्हणून करडूच तुमच्याशेजारी निजवलं. तुम्हाला हे कोणी कधी सांगितलं होतं का?

मुलांना आशीर्वाद. गुडघ्याला शेक देत जा, आणि देते म्हणून नुसतं सांगू नका.

तुमची,
वहिनी

ता. क. खरं म्हणजे पत्र लिहायचं कारण हे. परवा घरच्या सामाईक मेलमध्ये वीजबिल शोधताना मला ‘पाठवलेले’मध्ये बाबांची अख्खी फाइल दिसली. नोटिशीच्या आदल्याच आठवड्यात त्यांनी ती तुम्हाला ‘सवडीने बघ’ म्हणून पाठवली होती. (तुम्ही ती उघडली नसेल. त्याबद्दल मी काहीही बोलत नाही.) तुम्ही फोनवर म्हणाला होतात की माझ्याकडे काही आहे का बघते. ताई, बघू नका. निदान रविवारच्या फोनवर बाबांना काही बोलू नका. मीही बोललेले नाही. त्या फाइलीत सगळीकडे सहायकच आहे.

ता. क. २. सेक्रेटरींना नोटीस इतकी आवडली की आता पार्किंगची हवी आहे. मी हाताने लिहून देणार आहे.

(खाली वेगळ्या अक्षरात)

चि. पोरीस अनेक आशीर्वाद. सूनबाईने पाकीट टपालात टाकायला दिलं. नीट चिकटलेलं नव्हतं, म्हणून पुन्हा चिकटवतो आहे. आत काय लिहिलंय ते मी वाचलेलं नाही. फाइल पाठवू नकोस. ती तुझ्याकडे आहे हे मला म्हशीच्याच संध्याकाळी आठवलं होतं. सूनबाईला बोलू नकोस. अजून सर्कशीतला उंट राहिला आहे, आणि त्यात तुझी आई बरीच आहे.

बाबा