नवनाथांतले नव काढा

२६ एप्रिल २०२१, सोमवार

झाले! आमचे मातोश्री-पिताश्री लस घ्यायला तयार झाले! मुहूर्त बघा काय साधलाय — तालुक्यातली लस संपली, त्याच दिवशी.

मार्चमध्ये आशाताई दारात येऊन हात जोडत होती. पेणच्या केंद्रावर नर्सबाया माश्या मारत बसल्या होत्या. तेव्हा बाबा काय म्हणाले? "उभा जन्म मिठागरात काढला. मिठात मुरलेला माणूस नासत नाय!" आणि आयचं वेगळंच. शेजारच्या धोंडुबाईला लस घेतल्यावर ताप आला, म्हणजे लसच वाईट. मी इथे सासरी, अष्टमी गावात बसून रोज फोनवर घसा कोरडा करत होते. काल बाबाच म्हणाले, "नमे, घेऊ म्हणतो. गावात मयती व्हायला लागल्या."

आणि फोन लावला की आधी ती रेकॉर्डवरची बाई! लस जरूर घ्या, घाबरू नका... अगं बाई, घेतो की! देतेस का?

३० एप्रिल, शुक्रवार

स्लॉट नावाचा नवीन देव निघालाय. कधी दर्शन देईल सांगता येत नाही. नंबर टाका, ओटीपी टाका, वेडीवाकडी अक्षरं ओळखा. तेवढ्यात स्लॉट गेला. मी बी.ए. झालेली बाई, माझी ही गत. खाडीकाठच्या म्हाताऱ्यांनी काय करायचं?

नवरोबा नितेश सेकंड शिफ्ट करून धाटावच्या कंपनीतून आला, जेवताना म्हणाला, "कंपनीसारखा भोंगा वाजवा म्हणावं लस आली की. सगळ्यांना एकदम कळेल." मी हसले. मग वाटलं, खरंच काय वाईट आहे?

४ मे, मंगळवार

स्लॉटचं हिरवं दिसलं. बोट ठेवलं. लाल झालं.

६ मे, गुरुवार

आज पेणला जाऊन आलो. ऑनलाइन मिळत नाही तर टोकन मिळेल, असं कुणीतरी सांगितलं. या 'कुणीतरी'ला एकदा बघायचाय मला.

नितेशने रजा टाकली. बाइकवरून नागोठणे, वडखळ करत पेण. आय-बाबा गावातून सखाच्या रिक्षातून आले, उजाडायच्या आधीच रांगेत. बाबांनी माझ्या लग्नातला सदरा घातला होता! आयने डब्यात भाकरी आणि सुकट आणलेली. जणू जत्रेला निघालेत. नातेवाइकांनी गेटबाहेर थांबायचं, असा नियम. मी गेटच्या गजांतून बघत होते, माकडं बघायला गेल्यासारखी. फक्त पिंजऱ्यात कोण ते कळत नव्हतं.

दहा वाजता एक साहेब आले. म्हणाले, आज फक्त ऑनलाइनवाल्यांना. टोकन उद्या. उद्या? बघू.

मग ऑनलाइनवाले आले. मुंबईच्या नंबरप्लेटच्या गाड्या, एसी चालू. आपल्या तालुक्यातले स्लॉट बसल्या जागी यांनीच पटकावले होते तर! एकजण टोचून बाहेर आला आणि मलाच विचारतो, "इथे गणपतीचे कारखाने कुठे आहेत हो? आणि पोह्याचे पापड चांगले कुठे मिळतील?" म्हटलं, "पापड संपले. सगळेच मुंबईला गेले." त्याला कळलं नाही. थँक्यू म्हणाला वर!

बाबांना दुपारी घेरी आली. मांडव नाही, पाणी नाही. रांगेत माणसं एकमेकांच्या मानेवर खोकत होती, आणि भिंतीवर मोठ्या अक्षरांत — सुरक्षित अंतर ठेवा. बाबा उलट मलाच समजावतात, "मिठागरात यापेक्षा ऊन असतंय गो. तिथं निदान मीठ तरी मिळायचं!"

१० मे, सोमवार

मिळाला! स्लॉट मिळाला! पेण, बुधवार, एकच. ओरडले एवढ्या जोरात की खालच्या समीक्षाला वाटलं कुणी गेलं. हल्ली ओरडण्याचा अर्थ तोच घेतात लोक.

एकच मिळाला, मग कुणाला? बाबांना देणार होते. पण त्यांना कालपासून कणकण आहे. ऊन लागलं म्हणतात. ताप असला तर टोचत नाहीत. म्हणून आयच्या नावाने घेतला. बाबा म्हणाले, "बरोबर केलंस. मी बरा झालो की जातो."

१२ मे, बुधवार

आज जे झालं ते कुणाला सांगितलं तर पोट धरून हसतील. मला हसू येत नाही.

आय आत, मी गेटबाहेर; आतलं सगळं नंतर रांगेतल्या बायकांनी सांगितलं. सकाळीच सगळ्यांकडून आधार कार्डाच्या झेरॉक्स गोळा केल्या. झेरॉक्स अशा की फोटोत माणूस आहे की तवा, ओळखू येऊ नये. तासाभराने आतून पोरगा ओरडला, "चंद्रावती म्हात्रे!"

दोघी उठल्या. एक आमची आय. दुसरी पलीकडच्या गावची, तीपण चंद्रावती म्हात्रे! आमच्या खाडीपट्ट्यात एक दगड मारला तर तीन म्हात्र्यांना लागतो, यात नवल काय? स्लॉट दोघींचाही होता. पण बाटलीत शेवटचा एकच डोस. म्हणजे स्लॉट आहे, लस नाही. वा! पत्रिका वाटली आणि जेवण एकाच पानाचं.

पोरगा म्हणाला, "वरती जिचा कागद आहे तिला देतो. आजी, नवऱ्याचं नाव सांगा."

दोघी गप्प!

तो पुन्हा विचारतो, दोघी पदर तोंडाला लावून उभ्या. आमच्याकडच्या जुन्या बायका नवऱ्याचं नाव घेत नाहीत. आय म्हणते, नाव घेतलं की धन्याचं आयुष्य कमी होतं. आयुष्यात एकदाच घेतलंय तिने, लग्नात, उखाण्यात. त्यानंतर बाबा म्हणजे "अवो" नाहीतर "नमीचं बाबा". मागून कुणीतरी चेकाळलं, "घ्या आजी, उखाणा घ्या!" सगळी रांग हसली.

आयने शेवटी काय करावं? त्या पोराला खूण सांगितली. "नवनाथ असतात ना रं बाला? त्यातलं नव काढ."

पोरगा कुठला तरी लांबचा. म्हणतो, "आजी, कोडी घालू नका, गर्दी आहे." शेजारच्या बाईला आय म्हणाली, तू सांग गो. ती बाई वाशीची, तिला काय माहीत! तेवढ्यात दुसरीची जाऊ मागून ओरडली, "काळुराम! तिच्या नवऱ्याचं नाव काळुराम!" जावेने घेतलं तर चालतं. झालं, कागद सापडला. डोस काळुरामांच्या चंद्रावतीला.

आमच्या चंद्रावतीबाई रिकामा दंड घेऊन बाहेर. वर कागद कुणाचा होता ते कुणी बघितलंच नाही म्हणे.

मी रस्त्यातच बोलले तिला. खूप बोलले. म्हटलं, "नाथा! दोन अक्षरं! तोंड झिजलं असतं का तुझं? मी इथे स्लॉट मिळवायला डोळे फोडते आणि तू नवनाथांची पोथी वाचतेस!" रिक्षात बसताना ती एवढंच म्हणाली, "त्यांच्या अंगात ताप हाय गो. आजच्या दिवशी कसं घेऊ नाव?"

१३ मे, गुरुवार

रागाने फोन केला नाही. तिनेही नाही.

१७ मे, सोमवार

वादळ येतंय म्हणून लसीकरण बंद. बरंच झालं, न येणारी लस वाऱ्याने तरी उडणार नाही. अष्टमीत लाइट नाही. पुलावर पत्रे उडून आलेत. गावी फोन लागत नाही. बाबांचा ताप उतरला का तेवढंच विचारायचंय.

१९ मे, बुधवार

बाबा पॉझिटिव्ह. आय निगेटिव्ह.

रांगेतच लागला असणार. त्याशिवाय कुठे गेले होते ते? लसीसाठी नंबर, ओटीपी, आधार, टोकन, सगळं लागतं. रोगाला काही लागत नाही. येईल त्याला, जागेवर, फुकट. दुसरी फेरी मारायची गरज नाही. काय कारभार आहे!

२१ मे, शुक्रवार

बाबांना अलिबागला हलवलं. वडखळच्या नाक्यावर अँब्युलन्स ट्रॅफिकमध्ये अडकली होती, मागे बाइकवर आम्ही, तेव्हा खिडकीतून त्यांनी मला हात केला. सदरा तोच, लग्नातला.

२४ मे, सोमवार

ऑक्सिजनवर आहेत. वॉर्डातल्या ब्रदरने व्हिडिओ कॉल लावून दिला. मास्कमधून काय बोलतात कळत नव्हतं, ब्रदरने कान लावला आणि आम्हाला सांगितलं. "म्हणतायत, हिला लस मिळाली का?"

आय फोनसमोर बसलेली. मी म्हटलं, बोल ना काहीतरी. ती म्हणाली, "अवो." बस. मग पुन्हा, "अवो." एका माणसाला पन्नास वर्षं एवढ्याच नावाने हाक मारली या बाईने, आणि तो दर वेळी ओ देत आला. आजही डोळ्यांनी दिली. त्या दिवशी मी तिला रस्त्यात बोलले, ते फार झालं.

२३ जून, बुधवार

आज आयला लस मिळाली. टोकन नाही, रांग नाही. आता लस भरपूर आहे, खुर्च्या रिकाम्या. मलाही आत सोडलं.

तोच पोरगा होता. तो ओळखत नव्हता, आय ओळखत होती. त्याने विचारलं, "आजी, पूर्ण नाव?"

मी सांगायला तोंड उघडलं. आयने माझा हात दाबला आणि स्वतः म्हणाली, "चंद्रावती नाथा म्हात्रे." मग परत, सगळा हॉल वळून बघेल एवढ्या मोठ्याने, "नाथा. लिव. नाथा कान्हा म्हात्रे."

पोरगा म्हणाला, "हळू आजी, ऐकू येतंय मला."

बाहेर आल्यावर दंडावरचा कापूस दाबत ती म्हणाली, "आता कुणाचं आयुष्य कमी व्हायचं रायलंय गो, नमे?"