आरोंद्याची होडी आणि माझं वेल्डिंग

४ मे
आजपासून वेल्डिंग. मशीन काल कुरियरने आलं. छोटं आहे, सुटकेसएवढं. खांद्याला अडकवायचा पट्टा आहे. पट्टा लावून अंगणात एक फेरी मारली. बायकोने, शर्मिलाने, विचारलं, "खंय चललात?"

कारण नोंदवून ठेवतो. शर्मिलाच्या बचत गटाची फायबरची होडी आहे. पाच बायका पर्यटकांना खाडीत तिवरांच्या झाडीतून फिरवून आणतात. पावसाआधी होडी पाण्यातून काढून वरच्या शेडीत न्यावी लागते. दरवर्षी गावातले वीसेक बाप्ये दोरी लावून ओढतात, ओढण्यापेक्षा सूचना जास्त करतात आणि मग वर्षभर उपकार सांगतात. म्हणून गटाने ठरवलं, यंदा चाकांची ट्रॉली. सावंतवाडीच्या फॅब्रिकेटरला सांगूया म्हणाल्या. मी म्हटलं, घरात माणूस असताना? त्यांनी इकडेतिकडे पाहिलं.

मुंबईत कंपनीच्या परचेस डिपार्टमेंटमध्ये जन्म गेला. माझ्या सहीने जेवढे नटबोल्ट आले, तेवढे आरोंद्यात नारळ नसतील.

५ मे
व्हिडिओ पाहिला. एकच. बाकीचे तेच सांगत असणार.
जोडण्याच्या पद्धतींचा अभ्यास पूर्ण. रिव्हेट: पत्र्याला ठीक. एकदा ठोकला की ड्रिलनेच निघतो. नटबोल्ट: ज्यांना वेल्डिंग येत नाही त्यांच्यासाठी. वेल्डिंग: दोन जीव एक. लग्नासारखं. शर्मिलाला हे ऐकवलं. म्हणाली, "लग्नातसुदा नट मधी मधी आवळूचे लागतत." संदर्भ लागला नाही.

७ मे
पाईप आले. जीआय. वरून जस्ताचा मुलामा, चकचकीत. खाऱ्या हवेत गंजत नाही.
दिव्याचा फोन. शर्मिलाच्या बहिणीची मुलगी, कणकवलीला कॉलेजात मेकॅनिकल शिकवते. तिला कोणी कळवलं ते उघड आहे. म्हणाली, काका, जोडाच्या दोन्ही बाजूंचा मुलामा चार बोटं घासून काढा, नाहीतर जस्त जळतं, तो धूर छातीत गेला की ताप भरतो. उघड्यावर काम करा. टॉवेल बांधून चालणार नाही, धुराचा फिल्टरवाला मास्क आणा. आणि डोक्यावर आकडे असलेल्या बोल्टना वेल्ड लावू नका, ते कडक केलेलं पोलाद असतं, वेल्डच्या तापाने ठिसूळ होतं. चाकं बोल्टनेच आवळा, म्हणजे खराब झाली तर बदलता येतील.
मी हो हो म्हटलं. पोरगी हुशार आहे, पण दिवसभर शिकवून तिला तोंडाची सवय लागली आहे. मुलाम्याचा पाईप मुद्दाम आणायचा आणि मुलामा घासून टाकायचा, ह्याला काय लॉजिक?

८ मे, दुपार
मुहूर्त झाला. बाहेर वारा होता आणि गटातली सीता कुंपणावरून बघत होती, म्हणून होडीच्या शेडीत दार लावून बसलो. डोळ्यांना मशीनबरोबर आलेला मुखवटा, नाकाला टॉवेल. सावधगिरी म्हणून आधी पेलाभर दूध. जुने कारागीर पितात.
पांढराशुभ्र धूर निघाला. हवेत कापसाचे तंतू तरंगावेत तसं. देखावा फार सुंदर. वेल्डला आंबोळीसारखी जाळी पडली. वजन तेवढंच कमी. तोंडात गोडसर चव.

८ मे, संध्याकाळ
थंडी वाजते. मे महिन्यात दोन गोधड्या. अंग ठणकतं, छाती आवळल्यासारखी. दुपारची सुंगटं, म्हणजे कोळंबी, बाधली असावीत. शर्मिला म्हणाली, "सुंगटा आमीपण खाल्लंव. धूर तुमी एकट्यान खाल्लात."

९ मे
डॉक्टरकडे. त्यांनी ताप बघायच्या आधी विचारलं, काल काय काम केलंत? सांगितलं. जीआय होता? होता. दार उघडं होतं? मी म्हटलं, दाराचा काय संबंध. त्यांनी छाती तपासली, विश्रांती सांगितली, धाप लागली तर ताबडतोब या म्हणाले. दुधाचा काही उपयोग नसतो असंही म्हणाले. वयाने लहान आहेत.
माझं निदान: व्हायरल.

१० मे
ताप उतरला. म्हणजे शरीर वेल्डिंगला सरावलं.

१२ मे
सकाळी उठतो तर मशीन अंगणात, पाईप अंगणात, आणि शर्मिला ग्राइंडर घेऊन उभी. घासल्याशिवाय जोडलात तर वायर विहिरीत टाकीन म्हणाली. दोन पाईप घासले. कंटाळवाणं काम, कलेला वाव नाही. ती जेटीवर गेल्यावर उरलेले तसेच जोडले. या खेपेला श्वास धरून. वेल्डवर चंदेरी स्प्रे मारला. आता घासलेले कुठले आणि न घासलेले कुठले, माझं मलाच ओळखता येत नाही. यालाच फिनिश म्हणतात.

१६ मे
चाकांचा दिवस. जाड बोल्ट काढले. डोक्यावर ८.८ कोरलंय. दिव्या आकड्यांबद्दल काहीतरी म्हणाली होती. बहुधा दहापैकी ८.८, म्हणजे डिस्टिंक्शन. असला बोल्ट वेल्ड न करणं म्हणजे हुशार पोराला शाळेत न घालण्यासारखं आहे. फ्रेमला वेल्ड केले. वर नटसुद्धा वेल्ड केले. आता ढिले होणार नाहीत, चोरीलाही जाणार नाहीत. लगेच पाणी ओतून थंड केले. चर्र आवाज झाला. समाधान वाटलं.

१८ मे
चाचणी. ट्रॉलीवर स्वतः बसलो. मोडली नाही. मग सीतेला बसायला सांगितलं. नको म्हणाली. होडी माझ्यापेक्षा जड आहे याची कल्पना आहे, पण मी एका जागी बसलो होतो, होडीचं वजन पसरतं.

२३ मे
होडी काढण्याचा दिवस. सविस्तर लिहिणार नव्हतो, पण लिहितो.
भरती चढत असताना ट्रॉली पाण्यात ढकलली, होडी तिच्यावर आणून बांधली. चौघी दोरीला. गटातली पाचवी, हौसाबाई, चाकाशेजारी, कारण ती साठ वर्षांची असली तरी होडीला सरळ ठेवणं तिच्याइतकं कोणाला जमत नाही. मी वर उभा राहून "ओढा" म्हणत होतो. होडी पाण्याबाहेर निम्मी आली. मी फोटो काढायला मोबाईल काढला.
कट्ट असा आवाज आला. मोठा नव्हता. सुपारी फोडल्यासारखा. चाक सुटलं आणि उतारावरून खाडीत गेलं. ट्रॉली एका बाजूला बसली, होडी कलंडली. हौसाबाई मागे उडी मारून चिखलात बसली. होडीची कड तिच्या पायाच्या वीतभर अलीकडे टेकली.
वीतभर म्हणजे पुष्कळ.
ती ओरडली नाही. चिखलातून माझ्याकडे बघत म्हणाली, "रे विनीत, माझो पाय थंयच होतो."
पाणी चढत होतं. दर हेलकाव्याला होडीचा तळ मोडक्या पाईपवर आपटायला लागला. दुसऱ्या बाजूचा बोल्टही गेला, आणि आंबोळीसारखे वेल्ड एकामागून एक उसवले. शर्मिला कमरेपर्यंत पाण्यात उतरली आणि कोयत्याने दोऱ्या तोडून होडी मोकळी केली. मीही उतरलो. एक टोक धरलं. कुठलं टोक ते कोणी सांगितलं नाही.
मग गावातले बाप्ये आले. सूचना सुरू झाल्या.
होडी कशीबशी काठावर ओढून ठेवली. तळाला चीर गेली आहे. शर्मिला घरी आल्यापासून एक शब्द बोललेली नाही. दमली असावी.

२४ मे
अपघाताची कारणमीमांसा: बोल्टमध्ये कंपनीचा दोष.
दिव्या आली. तुटलेला बोल्ट उन्हात फिरवून पाहिला. तुटलेली बाजू गुळाच्या ढेपेसारखी दाणेदार होती. ती म्हणाली, मऊ पोलाद आधी वाकतं, माणसाला बाजूला व्हायला वेळ देतं. हे वाकलंच नाही. मला रागावली नाही. रागावली असती तर उत्तर तयार होतं.
ती गेल्यावर जेटीवर गेलो. चिखलात होडीची खूण अजून आहे. हौसाबाईच्या पावलाचीही आहे. मध्ये हात ठेवून पाहिला.
पुष्कळ नाही.

२६ मे
हौसाबाईकडे गेलो. पोलाद तापल्यावर काय होतं ते तिला नीट समजावून सांगावं असा विचार होता. तिने कोकमाचं सरबत दिलं. मी म्हटलं, वेल्डची चूक झाली. तिने विचारलं, "वेल्ड करणारो कोण होतो?" मी म्हटलं, बोल्टही त्यात होते. ती म्हणाली, "बोल्ट माझ्या घराकडे इले नाय. तू इलस." सरबत संपवलं. मग म्हटलं, चूक माझी झाली. ती म्हणाली, बरं, आता जा, माका भात उतरूचो आसा.
बाहेर आल्यावर हलकं वाटलं. कोकम पित्तावर उत्तम.

२९ मे
नवी ट्रॉली. दिव्याने आखून दिली, सावंतवाडीच्या फॅब्रिकेटरने पाईप कापून भोकं पाडून पाठवले, सगळे जोड नटबोल्टचे. वेल्ड कुठेच नाही, म्हणून मुलामा शाबूत. नट आतून नायलॉनचे, धक्क्यांनी ढिले होत नाहीत. सीता आणि शर्मिलाने पाने घेऊन अंगणात जोडून टाकली. मी वायसर पुरवत होतो. म्हणजे मटेरियल मॅनेजमेंट. जेवणाच्या आधी संपलं. मला जरा घाई वाटली.
होडीची चीर बुजवली. शर्मिला बोलायला लागली. पहिलं वाक्य, "तो वायसर उलटो आसा."

२ जून, सकाळ
ढग दक्षिणेकडून. वारा फिरला. आज होडी वर.
मी लवकर उठून तयार होतो. ठरवलं होतं की आज सूचना करायची नाही, फोटो काढायचा नाही, सगळ्यांबरोबर जोर लावायचा. चहात थोडा वेळ गेला. मग चप्पल सापडेना.
जेटीवर पोचलो तर होडी उतार चढून निम्म्या वाटेत. पाच बायका दोरीला, चाकं गपगार फिरताहेत. गावातले बाप्ये कट्ट्यावर बसून बघत होते. सूचना एकाचीही नव्हती. मी धावत गेलो. होडीच्या मागे हात लावला, पाय रोवले, डोळे मिटून पूर्ण ताकदीने ढकलायला लागलो. काही पावलं पुढे गेलो, मग होडी जागची हलेना. आणखी जोर लावला. घाम आला. आपल्याशिवाय हे झालं नसतं, असं एकदा वाटूनही गेलं.
खांद्यावर कोणीतरी बोट लावलं. डोळे उघडले. शेडीच्या आत होतो. होडीचं पुढचं टोक भिंतीला टेकलं होतं. बायका हातपाय धुऊन उभ्या होत्या.
शर्मिला हळूच म्हणाली, "आता हात काढा. दार लावूचा आसा."