काका-काकूंचा अबोला आणि विद्यापीठाचं यंत्र

तीर्थरूप मामांच्या चरणी भाचीचा साष्टांग नमस्कार. (नमस्कार पोचला असेल तर आता नेहमीसारखं अरेतुरे करते.) तुझा गुडघा काय म्हणतो? मामीचा खोकला गेला का? मी इथे काकांकडे मजेत आहे, वेळेवर जेवते आहे, हे आईच्या कानावर घाल. माझ्यावर तिचा विश्वास नाही.

तू विचारलं होतंस, भाषाशास्त्रात शिकतात तरी काय. खरं सांगू? सुरुवातीला मलाही कळेना. मला वाटलं होतं, हा इंग्रजीचा वर्ग, चार दिवसांत फाडफाड बोलायला लागू. पण आमच्या बाई म्हणतात की कुणी कसं बोलावं हे आपण सांगायचं नाही, कोण कसं बोलतं त्याकडे फक्त कान लावून बसायचं. (म्हणजे लहानपणी ज्यासाठी आईचे धपाटे खाल्ले, त्याचीच आता पदवी मिळणार.) पहिलं काम मिळालं ते असं: घरातल्या माणसांच्या बोलण्यात इंग्रजी कधी आणि का शिरतं, ते त्यांना विचारून रेकॉर्ड करून आणा. विभागाने त्यासाठी रेकॉर्डरही दिला.

आता पंचाईत अशी की या घरात कुणी बोलतच नाही. काकांनी आपल्या निवृत्तीच्या समारंभात इंग्रजीत भाषण ठोकलं आणि पहिल्या रांगेतली काकू ऐन मध्यावर खुदकन हसली. तेव्हापासून अबोला. काकांना भाजीत मीठ कमी वाटलं तर ते मला सांगतात, मी ते हातभर अंतरावर उभ्या असलेल्या काकूला सांगते आणि तिचं उत्तर घेऊन परत येते. पोस्टमनला निदान रविवारची सुट्टी असते.

तरी यंत्र टेबलावर ठेवलं, त्याचा लाल दिवा लागला, आणि मामा, चमत्कारच झाला बघ. काका इस्त्रीचा शर्ट घालून आले. काकूने केस नीट केले. विद्यापीठापुढे घरची अब्रू जायला नको म्हणून दोघं चक्क एकमेकांशी बोलले! आज आपलं शिवणकाम कुठवर आलं, आपला दिवस कसा गेला, असं सगळं आपण-आपण करत. (काकू घरी शिवणाचा वर्ग घेते.) बाईंनी ऐकलं आणि हे बोलणं नव्हे, बातमीपत्र आहे म्हणून परत केलं. त्यांना यंत्राची सवय होईपर्यंत रोज लावून ठेव म्हणाल्या.

सवय झाली, आणि एका संध्याकाळी त्या भाषणावरूनच जुंपली. काका कोंडीत सापडले की इंग्रजीत शिरतात, हा माझा पहिला शोध. काकू काही कमी नाही. भाषणाचं कटिंग बरं होतं पण फिटिंगच्या नावाने बोंब होती, असं तिने शिवणाच्या इंग्रजीत ऐकवलं. काका लालबुंद. माझ्या इंग्रजीला हसलीस हे एकदा कबूल कर, म्हणाले.

"इंग्रजी ऐकत होतं कोण?" काकू म्हणाली. "मध्येच सगळ्यांदेखत माझं नाव घेतलंत तुम्ही. इतक्या वर्षांत घरातसुद्धा कधी घेतलं नाहीत. मला लाज वाटली, म्हणून हसले."

काका हळूच, स्वच्छ मराठीत म्हणाले, "मग तेव्हाच सांगायचंस ना."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं, खोटं कशाला बोलू. हा तुकडा मी बाईंना दिलाच नाही. साहजिकच, ऐन रंगात आल्यावर बोलणं तुटतं असा शेरा मिळाला आणि मार्क बेताचेच पडले. पडू देत.

पण दुसऱ्या दिवशी सकाळी, यंत्र बंद असताना, काकू मला म्हणते, काकांना सांग, चहा झालाय. मी कपाळावर हात मारून घेतला. आधी तोंड कुणी उघडायचं हे दोघांचं अजून ठरत नाही. संध्याकाळ झाली की मात्र काका भांग पाडून टेबलाशी बसतात आणि आज विद्यापीठाचं काही नाही का, म्हणून विचारतात. काकू शिवण आवरून आधीच तिथे बसलेली असते. अभ्यास अजून चालू आहे असं मी सांगितलंय (तो कधीच संपला), आणि रोज दिवा लावते.

मामीला नमस्कार सांग. गुडघ्याला जप.

तुझी भाची

ता. क. विभागाचा रेकॉर्डर सोमवारी परत द्यायचा आहे. आपण घोरत नाही हे मामीला पटवायला तू एक आणला होतास आणि पहिल्याच रात्री तोंडघशी पडला होतास, तो माळ्यावर असेल ना? तो लगेच पाठव.

आणखी एक. तो बिघडलाय असं मामी म्हणत होती. चालेल. आवाज नाही उतरला तरी चालेल, फक्त लाल दिवा लागला पाहिजे.