कवळीचा प्रश्न

४ जून

चि. ढब्बूस अनेक आशीर्वाद, वि. वि.

टाके काढून आठवडा झाला नाही आणि लेथवर जायच्या गोष्टी करतोस? बायकोला सांग, वर्कशॉपची किल्ली लपवून ठेव.

मला एक कळत नाही. फुप्फुसातला रोग मेंदूत गेला, तिथली गाठ काढली, सर्जन म्हणाले पूर्ण निघाली. मग त्याच जागी रेडिएशन कशाला? कुठेतरी पाणी मुरतंय. एकतर डॉक्टर तुला फसवतायत, नाहीतर तू मला. चेहऱ्यावर घट्ट जाळीचा मुखवटा बसवतात म्हणे. तेव्हा दातांची कवळी काढायला लावतात का? जीव गुदमरत नाही ना? गोडगोड लिहू नकोस.

खरं लिहिणाऱ्यावरच माझा लोभ असतो, हे ध्यानात असू दे.

तुझी ताई

२८ जून

ती. ताईस सा. न. वि. वि.

हेडमास्तरीण निवृत्त झाली तरी उलटतपासणी सुटली नाही! आधी सगळं उरकावं, मग लिहावं म्हणून उशीर केला.

तुझाच प्रश्न मी सर्जनना विचारला. डोळ्यांना दिसलं तेवढं सगळं काढलं, म्हणाले. पण गाठीच्या जागी कडेला न दिसणाऱ्या पेशी राहू शकतात, त्या पुन्हा वाढू नयेत म्हणून नेमके तिथेच किरण सोडायचे. खोलवर दुसरी बारकी गाठ होती, तिला चाकू न लावता नुसते किरणच दिले. मला पटलं. कड घासल्याशिवाय मी तरी कुठला जॉब गिऱ्हाइकाच्या हातात देतो? मुखवटा म्हणजे न्हाव्याचा गरम टॉवेल. मजेत पडून राहायचं.

पण कवळीचं मला का विचारलंस? माझे बत्तीसही दात शाबूत आहेत. आपल्या घरात कवळी एकट्या तुला आहे. बायको म्हणते, सहज विचारलं असेल. तू सहज काही विचारत नाहीस, ताई. फळ्यावर सरळ रेषेत लिहिणारी तू, या पत्रातल्या ओळी मात्र घसरत पार कोपऱ्यात गेल्यात. दोन वर्षांपूर्वी स्तनाच्या ऑपरेशननंतर 'आता ठणठणीत' म्हणालीस, ते मी मुकाट्याने मानलं. आता मानणार नाही.

लोभ उत्तर येईपर्यंत राखून ठेवला आहे.

तुझा ढब्बू

३ जुलै

चि. ढब्बूस आशीर्वाद, वि. वि.

चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते असं. कवळीनेच घात केला.

माझ्याही मेंदूत दोन गाठी आहेत. मोठी काढून नंतर रेडिएशन, असं इथले डॉक्टर म्हणतात. एकदा कापायचं, मग भाजायचं, हा यांचा धंदाच असावा असा मला संशय आला, म्हणून तुझ्याकडून काढून घेत होते. कड घासायचं पटलं. पण न्हाव्याचा टॉवेल? इंजेक्शन म्हटलं की बाकाखाली दडणारा तू, मजेत पडून राहिलास? मुखवट्याचं खरं सांग. अजून मी त्यांना हो म्हटलेलं नाही. मला फार भीती वाटते रे.

लोभ कमी करू नकोस.

ताई

७ जुलै

ती. ताईस सा. न. वि. वि.

रागावलो आहे, पण ते समोर आल्यावर.

मुखवटा टेबलाला अडकवतात. मान तसूभर हलत नाही, पापणी जाळीला घासते. पहिल्या दिवशी मी घाबरून हात वर केला, तेव्हा त्यांनी मशीन थांबवलं, मुखवटा काढला, पाणी दिलं. पुन्हा बसवल्यावर डोळे मिटून तू घोकून घेतलेला एकोणतीसचा पाढा म्हणायला घेतला. नेहमीसारखा मध्येच अडलो, आणि तो आठवेपर्यंत किरण देऊन झाले होते. दुखलं अजिबात नाही. भीती तेवढी तुझ्यापासून लपवली.

पुढे काय होईल ते डॉक्टरही छातीठोक सांगत नाहीत. तरी तू हो म्हण. बायकोने बॅग भरली आहे, आम्ही मंगळवारी पोचतो.

ऑपरेशनला कवळी काढायलाच लावतील. ती नर्सकडे देऊ नकोस, माझ्याकडे दे. मी खिशात घेऊन दाराशी बसतो. शुद्धीवर आलीस की मागून घे.

लोभ आहेच, तो काय मागायचा!

तुझा ढब्बू